मोजणीदारांचा शुक्र

मोजणीदारांसमोर कुणी काहीही मोजून सांगितलं की ते एकच विचारायचे, "किती दिवसांत?" एकदा गल्लीतली एक बाई सुनेची तक्रार घेऊन आली. सुनेने चार कप फोडले म्हणाली. मोजणीदारांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"किती दिवसांत?"

"लगीन करून आली तवापासून."

"म्हणजे कधीपासून?"

"आठ वर्सं झाली असतील."

"आठ वर्षांत चार? अहो, मग सून गुणाची आहे. आमच्याकडे वर्षाला तीन फुटतात, आणि सून यायची आहे अजून."

आतून माईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला, "त्यातले दोन तुमीच फोडता, ते पण सांगा की!" बाई तक्रार विसरून हसत गेली. तिची सून मात्र पुढे रस्त्यात मोजणीदार दिसले की डोक्यावरून पदर घ्यायची. एवढा मान तिने सासऱ्याला दिला नसेल.

ते कर्जतला जमीनमोजणीच्या खात्यात नोकरीला होते. दोन भावांमधला बांध नेमका कुठे, ओढ्याने कुणाची जमीन खाल्ली, हे शेतात साखळी टाकून ठरवायचं त्यांचं काम. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. अंगाने काटकुळे, चपला धुळीने पांढऱ्या, बगलेत बारा महिने छत्री. "ही उन्हापावसासाठी नाही," ते म्हणायचे, "कुत्र्यांसाठी आणि भांडणाऱ्या भावांसाठी आहे." मूळचे खालापूरच्या बाजूचे. छप्पन साली त्यांच्या घराने बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. कर्जतला बदली होऊन आले तेव्हा पेठेमागच्या गल्लीत खोली मिळायला त्यांना तीन महिने लागले. का लागले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माईंनी सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता, मान वर न करता.

मी त्यांच्या घरात शिरलो तो छपरातून. मी कशेळ्याच्या पलीकडच्या एका लहान गावचा. पाचवीच्या पुढची शाळा कशेळ्याला, मध्ये ओढा. पावसाळाभर शाळा बुडायची, मग एका वर्षी बुडाली ती बुडालीच. चुलत्याबरोबर मी कौलांच्या कामाला लागलो. ज्यांनी सिमेंटची घरं पाहिलीत त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या कौलांचं छप्पर दर दोन-चार वर्षांनी चाळावं लागतं. सगळी कौलं उतरवायची, फुटकी काढायची, साचलेला पाला झाडायचा आणि पुन्हा ओळीने बसवायची. याला आमच्याकडे शाकारणी म्हणतात. त्या वैशाखात आम्ही मोजणीदारांची खोली शाकारायला घेतली. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा असेन. काका खाली कौलं झेलत होता, मी वर होतो.

त्या गल्लीच्या मधोमध एक भलं मोठं रायवळ आंब्याचं झाड होतं. कैऱ्या धरल्या की अख्ख्या पेठेतली पोरं त्याला दगड मारायची. कैरी पडायची एखादी, दगड मात्र सगळेच खाली यायचे, आणि यायचे ते आसपासच्या छपरांवर. मोजणीदारांच्या छपरावर फुटकी कौलं सोळा निघाली. शेजारच्या घरावर मी वरूनच चाळीस मोजली.

"शेजारच्यांना लई मार हाय," काका खालून म्हणाला.

मोजणीदार अंगणात उभे होते. "शेजारचं छप्पर शेवटचं कधी चाळलं?"

"धा वर्सं झाली असतील सायब."

"आणि हे?"

"हे दोन वर्सांमागं. आमीच चाळलं."

"मग जास्त मार कुणाला?"

काका डोकं खाजवायला लागला. मी वरून ओरडलो, "आपल्याला!" दोन वर्षांत सोळा म्हणजे वर्षाला आठ. दहा वर्षांत चाळीस म्हणजे वर्षाला चार. मोजणीदारांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "कोण रे तो? खाली ये."

मी खाली आलो आणि त्यांनी मला थेट आतल्या भिंतीपुढे नेऊन उभं केलं. भिंतीवर दोन चित्रं होती. एक कॅलेंडरातून कापलेला चंद्र. दुसरं वर्तमानपत्रातलं, करड्या रंगाचं, देवी आलेल्या माणसाच्या गालासारखं. ते मंगळाचं, जवळून गेलेल्या यानाने काढलेलं. "हे सगळे खड्डे दगड पडून झालेले आहेत," ते म्हणाले. "आता मला सांग, मंगळावर जास्त दगड पडतात की चंद्रावर?" मी म्हणालो, चंद्रावर खड्डे जास्त दिसतात. ते म्हणाले, "मी खड्डे किती ते विचारलं नाही."

मग मला उमगलं. छप्पर कधी चाळलं ते कळल्याशिवाय फुटकी कौलं मोजून काही उपयोग नाही. बाकीचं त्यांनी समजावून सांगितलं. चंद्र म्हणजे कुणीच न चाळलेलं छप्पर. तिथे वारा नाही, पाऊस नाही, पडलेला खड्डा तसाच राहतो. आपल्या पृथ्वीवर चंद्राहून जास्तच दगड पडत आले, कारण ती मोठी आहे आणि ओढूनही घेते. पण इथे पाऊस, नद्या, चिखल, झाडं सारखी शाकारणी करत असतात, म्हणून खुणा राहत नाहीत. मंगळ आंब्याच्या शेजारचं घर. मंगळ आणि गुरूच्या मध्ये दगडांचा मोठा पट्टा आहे, तिथून सुटलेले दगड त्याला जवळ पडतात. बुध त्या झाडापासून लांब, पण सूर्य दगडाला असा ओढतो की तिथे पडणारा दगड फार जोरात पडतो. आणि शुक्रावर जाड हवा, जाड ढग. लहानसहान दगड वरच जळून जाणार, मोठा असेल तोच खाली पोचणार. धूमकेतूंचं विचारलं तर म्हणाले, "ती वानरं. कधी येतील, कुठल्या छपरावर उडी मारतील, भरवसा नाही."

"पण मग मंगळाचं छप्पर कधी चाळलं ते कुणाला म्हायती?" मी विचारलं.

मोजणीदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं त्यापूर्वी माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. "नाही माहीत. अजून कुणालाच नाही. चंद्रावरचे दगड आणले, त्यांचं वय काढलं, म्हणून चंद्राचं थोडं कळलं. मंगळाचा दगड कुणी आणून दाखवलेला नाही. तिथे सगळे अंदाज." मग आत वळून म्हणाले, "माई, याला भाकरी वाढ. याला प्रश्न विचारता येतो."

नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. ती चव मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जातच राहिलो. त्यांनी मला एक वही दिली. जिथे शाकारणीला जाईन तिथे फुटकी कौलं किती, आधीची शाकारणी कधी, दगड येण्यासारखं झाड किती पावलांवर, हे लिहून आणायचं. माझं अक्षर पाहून मला रडू यायचं. ते म्हणायचे, "अक्षर जाऊ दे उडत. आकडा नीट काढ." पण शब्द चुकला की पेन्सिलीने शेजारी बरोबर लिहून ठेवायचे, बोलायचे नाहीत. पाच-सहा वर्षं सुटलेलं माझं लिहिणं त्या वहीत परत आलं. आज हे जे लिहितोय, ते बरं असेल तर त्यांच्यामुळे. चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मला अजून लिहिताना भीती वाटते, कुणीतरी मागून बघतंय अशी.

आता जे सांगायचं ते सांगायला जड आहे. मला मोजणीदारांचा हेवा वाटायचा. त्यांच्या चष्म्याचा, त्यांच्या पितळी कर्काटकाचा, त्याची दोन टोकं मंगळाच्या चित्रावर टेकवून ते खड्डे मोजायचे तेव्हाच्या त्यांच्या शांत चेहऱ्याचा. कधी कधी तर मंगळाचाच हेवा वाटायचा. मी समोर अर्धा तास बसलेला असायचो आणि ते त्याच्याकडे बघत असायचे. पण हा हेवा गोड होता. खरा हेवा दिगंबर आला तेव्हा कळला.

दिगंबर पळसदरीचा. माझ्याच वयाचा, कॉलेजात सायन्सला होता. कुणीतरी त्याला सांगितलं, की कर्जतला एक मोजणीदार ग्रहांवरचे खड्डे मोजतात. तो आला तो इंग्रजी पुस्तक घेऊनच. मोजणीदारांना इंग्रजी वाचता यायचं, पण अडखळत. दिगंबर भराभर वाचायचा आणि मराठीत सांगायचा. त्यांचा चेहरा असा खुलायचा, की उंबऱ्यावर बसलेल्या मला ते बघवेना. दिगंबर खुर्चीवर बसायचा. मलाही बस म्हणायचे, पण माझ्या धोतराला कौलांची लाल माती असायची. माती मी झटकू शकलो असतो. झटकली नाही. मला त्या उंबऱ्यावरच बसायचं होतं, म्हणजे त्यांना दिसेल, की मी उंबऱ्यावर बसलोय.

माईंनी ओळखलं. एकदा चहा देताना म्हणाल्या, "तुजं तोंड का रं असं? कारलं खाल्लंस का?"

"नाय माई."

"मग त्यो पोरगा आला की तुजं गाणं का ऐकू येत नाय? एरवी छपरावर गात असतोस."

एके दिवशी दिगंबरने कर्काटक हातात घेतलं आणि सहज मंगळावर टेकवलं. मला त्यांनी ते कधी हातात दिलं नव्हतं. मी मागितलंही नव्हतं, हे खरं. पण त्याने तरी कुठे मागितलं होतं?

त्या वर्षी गावातल्या वाचनालयाने मोजणीदारांना व्याख्यान द्यायला बोलावलं. विषय त्यांनीच दिला: 'ग्रहांवर दगड किती वेळा पडतात.' ही साधी गोष्ट नव्हती. त्या व्यासपीठावर वकील, डॉक्टर, कीर्तनकार बसलेले मी पाहिले होते. मोजणीदार कर्जतला येऊन इतकी वर्षं झाली, तिथे ते फक्त श्रोते म्हणून जायचे, शेवटच्या रांगेत, दाराशी. माईंनी त्यांचा कोट दोन दिवस उन्हात टाकला. मला म्हणाल्या, "ह्यांना भाकरी गिळवत नाय बघ. पोर परीक्षेला बसल्यागत झालंय."

ठरलं असं, की आपल्याच गल्लीतल्या बारा छपरांचा तक्ता करून दाखवायचा. लोकांना आधी कौलं समजतील, मग ग्रह समजतील. वैशाखात मी बाराही छपरांवर चढून फुटकी कौलं मोजली. शाकारणी कधी झाली ते घरमालकांना विचारून लिहायचं काम दिगंबरला दिलं. त्यातल्या अर्ध्या घरांच्या तारखा माझ्या तोंडपाठ होत्या. पण मला कुणी विचारलं नाही. "तू वर चढ, आकडा सांग," एवढंच.

झाडाला अगदी खेटून गिरणीवाल्या शेठचं घर होतं. फांद्याच त्याच्या छपरावर टेकलेल्या. शेठ वाचनालयाचे अध्यक्षही होते. त्यांच्या छपरावर मला फुटकी कौलं फक्त नऊ मिळाली. दिगंबरने विचारलं, छप्पर कधी चाळलं? शेठ गर्वाने म्हणाले, "आमच्या वडलांनी स्वतः उभं राहून घातलेलं छप्पर आहे. बारा वर्षांत एका कौलाला हात लागलेला नाही." दिगंबरने लिहिलं: बारा वर्षे, नऊ.

मी शिडीवर होतो. मी ऐकलं.

ते छप्पर आदल्या वर्षी, मृग लागायच्या आठ दिवस आधी, मी आणि काकाने चाळलं होतं. शेठ कोर्टाच्या कामाला अलिबागला गेले होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईने आम्हाला बोलावून घेतलं. "गळतंय रं बाबांनो. पण त्याला सांगू नका. त्याला वाटतंय त्याच्या बापाचं छप्पर अमर हाय." आम्ही चार दिवसांत काम उरकलं, फुटकी कौलं तिने विहिरीमागे पुरायला लावली. मोजणीदार त्या आठवड्यात मोजणीसाठी बाहेरगावी होते, आणि म्हातारीला शब्द दिला म्हणून ते घर मी वहीतही लिहिलं नाही. म्हणजे ती नऊ कौलं बारा वर्षांतली नव्हती, एका वर्षातली होती. बाराही घरांत सगळ्यात जास्त मार त्या घराला होता.

मी शिडी उतरलो. दिगंबरने पेन खिशाला लावलं आणि मला म्हणाला, "झालं सगळं. थँक यू हां." मी मान हलवून शिडी खांद्यावर घेतली. म्हातारीला शब्द दिला होता, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते नव्हतं. मनात आलं होतं, याच्या तक्त्यात एक तरी चूक राहू दे. एकच.

मला वाटलं होतं, मोजणीदारांना तो आकडा खटकेल, ते दिगंबरला बोलतील आणि मला विचारतील. त्यांना खटकला खरा. ते तीन दिवस त्या आकड्यापुढे बसले. चौथ्या दिवशी उठून झाडाखाली गेले, शेठच्या छपरावर टेकलेल्या दाट फांद्या बघत उभे राहिले आणि धावत घरी आले. मी तिथेच होतो. "अरे, हा शुक्र आहे!" ते म्हणाले. "झाडाच्या इतका जवळ, तरी मार कमी. का? वर दाट पानांचा थर आहे. लहान दगड पानांतच अडकतात. शुक्राच्या ढगांत तसंच!" दिगंबरने टाळी वाजवली. मोजणीदारांनी व्याख्यानाचा शेवट त्या घरावर नेऊन ठेवला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. त्यांचा हात दिगंबरच्या खांद्यावर होता. 

दिवाळीनंतरच्या रविवारी संध्याकाळी व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका सतरंजीवर दुसऱ्या बाजूला. मोजणीदार सुरुवातीला अडखळले, मग त्यांनी सुनेच्या चार कपांची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. तिथून ते जे बोलले, तसं मी पुढे कुणाचं ऐकलं नाही. मंगळ म्हणजे झाडाशेजारचं घर, चंद्र म्हणजे न चाळलेलं छप्पर, हे बायकासुद्धा माना हलवून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी छत्रीचं टोक शेठच्या घराच्या रकान्यावर ठेवलं. "बारा वर्षांत फक्त नऊ. का? कारण या घराला झाडाने सांभाळलंय." अध्यक्षांच्या खुर्चीत शेठ फुलून बसले होते.

तेवढ्यात सतरंजीवरून म्हातारी बोलली. तिला बहुधा झाडाला दिलेलं श्रेय सहन झालं नाही. "झाड कशाचं सांभाळतंय, माजी कंबर सांभाळायची! मीच चाळून घेतलं मागल्या वर्साला. ह्यो बसलाय ना तिकडं कौल्या, ह्याच्या चुलत्यानंच केलं." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

 मग जो हशा झाला, तो भिंतींना लागून परत आला. शेठ उभे राहिले. "आई, काय बोलतेस?" कुणीतरी मागून ओरडलं, "मोजणीदार, आदी शेठची कौलं मोजा, मग शुक्राची!" लोक उठायला लागले.

मोजणीदारांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, साखळीची एक कडी मोजायला लागेल एवढाच वेळ. मग ते तक्त्याकडे वळले, खडूने बारा खोडलं आणि तिथे एक लिहिलं. "थांबा," ते म्हणाले. "माझं चुकलं. पण थांबा, हे तर जास्त चांगलं आहे! एका वर्षात नऊ. म्हणजे हा शुक्र नाही, हा मंगळ आहे. सगळ्यात जास्त मार! बघा, छपराचं वय कळलं की..." त्यांचा आवाज आनंदाचा होता, खरंच आनंदाचा. पण ऐकायला समोर माई, दिगंबर आणि मी एवढेच उरलो होतो, आणि खुर्च्या उचलणारा शिपाई.

ती थट्टा गावभर झाली. "शुक्राची मोजणी झाली का सायब?" हे पेठेत रोज. तेही चाललं असतं. पण बांधाच्या भांडणात ज्याच्या विरुद्ध निकाल जायचा तो म्हणायला लागला, "ज्याला कौलं मोजता येत नाय तो आमचं शेत काय मोजणार?" मोजणी हीच त्या माणसाची अब्रू होती. वाचनालयाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. ते परत शेवटच्या रांगेत बसू लागले, आणि काही महिन्यांनी तिथेही जायचं त्यांनी थांबवलं.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. न जाण्याचं धाडस झालं नाही. ते कचेरीला निघायच्या तयारीत होते.

"तुला किती दिवसांपासून ठाऊक होतं?"

"पयल्यापासून."

"हं," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन गेले. का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण खात्री नाही.

माईंनी विचारलं. "का रं बोलला नाय?"

"मला कुणी विचारलं नाय."

"आमच्या घरात बोलायला तुला आमंत्रान कवापासून लागायला लागलं?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी भाकरी नव्हती.

दिगंबर मला शोधत कशेळ्याला आला, आम्ही काम करत होतो तिथे. मला वाटलं भांडायला आला. म्हणाला, "माझंच चुकलं. छपरावर चढणाऱ्याला विचारायचं सोडून मी मालकाला विचारलं. सरांना मी तसंच सांगितलंय." मी शिडीवर बसून राहिलो. पुस्तक त्याचं, खुर्ची त्याची, कर्काटक त्याच्या हातात, आणि आता चूकसुद्धा त्यानेच घेतली. माझ्यासाठी काही ठेवलं नाही. त्या दिवशी त्याच्याबद्दल मला जितका हेवा वाटला तितका कधी वाटला नव्हता.

पुढच्या वर्षी मोजणीदारांची बदली झाली, लांब, घाटावर. सामान टेंपोत चढवायला मी गेलो, दिगंबरही आला. मंगळाचं चित्र त्यांनी भिंतीवरून स्वतः काढलं. कर्काटक दिगंबरला दिलं. मी दोर आवळत होतो. मी पाहिलं, आणि दोर इतका आवळला की माईंच्या ट्रंकेची कडी वाकली. "मोडशील रं," माई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच परत पूर्वीसारख्या हसल्या. निघताना मोजणीदारांनी सगळ्यांना जयभीम केला. मला एक चिठ्ठी दिली. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीचे एक साहेब होते, त्यांच्या नावे. "कौलांचे दिवस संपत आलेत. तिकडे पत्र्याचं काम आहे. जा."

त्यानंतर ते मला भेटले नाहीत. मी मोहोपाड्याला सिमेंटचे पत्रे बसवायला लागलो, पुढे ठेकेदाराबरोबर गुजरातेत अंकलेश्वरला आलो आणि इथेच राहिलो. इथे कारखान्यांची छपरं सपाट आणि लांबलचक, आंब्याचं झाड नाही. मराठी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मोजणीदार गेल्याचं दिगंबरच्या कार्डावरून कळलं. तो आता कॉलेजात शिकवतो. त्याने लिहिलं होतं, की रशियनांनी शुक्राभोवती रडार फिरवून ढगांखालची जमीन पाहिली, आणि खड्डे अपेक्षेपेक्षा फार कमी निघाले. शुक्राची जमीन तरुण असावी, लाव्ह्याने ती मध्ये कधीतरी नव्याने शाकारली असावी, असं आता काही शास्त्रज्ञ म्हणतात. "सरांना हे शेवटच्या आजारात वाचून दाखवलं," त्याने लिहिलं होतं. "ते खूप हसले." मला बरं वाटायला हवं होतं. मला आधी हेच वाटलं, की वाचून दाखवायला हा होता.

त्या चिठ्ठीचं सांगायचं राहिलं. ती बंद होती. दुसऱ्याच्या नावाची, म्हणून मी उघडली नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. मोहोपाड्याला साहेबांनी ती माझ्यासमोर फोडली. त्यांना वाटलं मला वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचली. दोनच ओळी होत्या. "हा मुलगा उंचावर न घाबरता काम करतो. जे पाहतो ते खरे सांगतो." खाली सही, आणि सहीखाली तारीख. व्याख्यानानंतरच्या वर्षाची.

साहेब म्हणाले, "उद्यापासून ये."

नोकरी मिळाली, घर झालं, मुलं शिकली, सगळं त्या दोन ओळींवर. तेव्हापासून मी कुठेही खोटं बोललो नाही. मुकादम रागावला तरी पत्रा तडकला असेल तर तडकलाय म्हणून सांगितलं. लोकांना वाटतं, स्वभावच असा आहे. स्वभाव नाही. त्यांनी काय समजून ते लिहिलं, मला माफ करून की मला पकडून ठेवायला, हे मला ठाऊक नाही, आणि विचारायला आता कुणी नाही. दिगंबरचा हेवा हल्ली पूर्वीइतका वाटत नाही. वाटतो तो त्या चिठ्ठीतल्या मुलाचा. मोजणीदारांना तो आवडला असता.